काळं द्राक्ष आणि सुनेचं रक्त

महालातून आम्ही बोलतो आहोत, तुमच्याच बचत गटांच्या समन्वयाचं काम बघणाऱ्या.

मागच्या महिन्यात बैठकीला आपली एक गटातली ताई खेड्यावरून आली, ती पिशवीत बाटली घेऊनच. सून पाच महिन्यांची गरोदर, हिमोग्लोबिन ८. मुलानं नागपुरातून लाल वाईन नेली आणि सांगितलं, "काळ्या द्राक्षाची आहे, रोज दोन घोट पाज, रक्त वाढते." बाटलीवर नाव होतं शिराझ. बैठकीत लगेच दोन तट पडले. २०२२ साली सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचा निर्णय झाला होता, तेव्हाही गटागटांत हाच वाद होता, की ही दारू की फळाचा रस?

शिराझ आम्ही वेलीवर पाहिलेलं आहे. अभ्यासदौऱ्यात नाशिककडे गेलो, तेव्हा फेब्रुवारीत तोडणी चालू होती. ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी केली की तिकडे थंडी संपता संपता घड तयार होतात. मणी बाजारातल्या द्राक्षापेक्षा बारका, काळानिळा, साल जाड, आत बिया. तोंडात टाकला तर आधी भरपूर गोड, मग बी चावली की जांभळासारखी जीभ आखडते. आमच्यातल्या एकीनं मणी दाबून दाखवला. आतला रस पांढुरकाच निघाला. सगळा रंग सालीत. म्हणून लाल वाईन करताना रस सालीसकट आंबवतात, आणि सालीबियांचा तुरटपणाही त्यात उतरतो.

या द्राक्षाची ओळख म्हणजे त्याचा मिऱ्यांचा वास. ही नुसती जाहिरात नाही. काळ्या मिऱ्यात जो रोटंडोन नावाचा घटक असतो, तोच शिराझच्या सालीत सापडतो. थंड हवेत पिकलेल्या द्राक्षात तो जास्त, उन्हात तापलेल्यात कमी, तिथे मग पिकल्या फळांचा गोडसर वास पुढे येतो. आपल्या महालातल्या सावजी मसाल्याची सवय असलेल्या नाकाला तो मिरा ओळखता येईल. नाव इराणातल्या शहराचं असलं तरी वाण फ्रान्सचं आहे. तिथल्याच दोन जुन्या वाणांचा संकर, हे जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे.

इतकं गुणी द्राक्ष, पिकवणाऱ्यांच्या कष्टाला आमचा नमस्कारच. पण ताईच्या प्रश्नाचं उत्तर यातच होतं. तो तुरटपणा अन्नातल्या लोहाला पकडून ठेवतो, शरीरात कमी जाऊ देतो. जेवणावर कडक चहा घेतला की होतं तसंच. म्हणजे रक्त वाढवायला दिलेली वस्तू रक्ताच्याच आड येते. शिवाय १३ टक्के दारू. दीडशे मिली वाईनमध्ये जेवढी दारू जाते, तेवढी ४५ मिली व्हिस्कीत असते. ती वारेतून थेट बाळापर्यंत पोचते. गरोदरपणात दोन घोट काय आणि एक काय, दारूचं सुरक्षित प्रमाण नाही.

आम्ही ताईसोबत आरोग्य केंद्रात गेलो. लोहाच्या गोळ्या घरातच होत्या, पण पोटात मळमळतं म्हणून सुनेनं डब्यात टाकून ठेवल्या होत्या. हे कोणी विचारलंच नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. सिस्टरनं गोळी रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत घ्यायला सांगितली आणि चहा दोन तास दूर ठेवायला.

परवा तपासणीत हिमोग्लोबिन ९ आलं. बाटली आमच्या कार्यालयाच्या कपाटात कुलपात आहे. मुलगा तिचे पैसे मागतो आहे. पुढच्या बैठकीत त्यालाच बोलावलं आहे, बायकोसोबत.