भेग बुजवणे हेही दानच
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. भाषणाची मला सवय नाही. पण यंदाच्या शिलकीचे काय करावे, हा विषय आज निघणार आहे, म्हणून चार शब्द बोलते.

दान म्हटले की आपल्याला नवी वस्तू आठवते. देवळाला पंखा दिला की त्याच्या पात्यांवर नाव येते. दुरुस्तीचे तसे नाही. भेग बुजली की देणाऱ्याचे नावही बुजते. म्हणून त्या कामाला हात आखडतो. आपल्या वाडवडिलांनी मात्र जीर्णोद्धाराला मोठे पुण्य मानले.

आपल्या लोकलच्या वाटेवर भायखळा लागते. तिथे राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी अशांनी पुढाकार घेतला, लोकांनी वर्गणी दिली आणि 1872 साली ते सर्वांसाठी उघडले. मातीच्या लहान लहान बाहुल्यांतून जुन्या काळचे लोक, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे तिथे दिसतात. पुढे त्या वास्तूची रया गेली. मग 2003 साली मुंबई महानगरपालिका, इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार केला. वास्तू पालिकेची, जाणकारी इंटॅकची आणि फाउंडेशनची आर्थिक मदत, असे तिघांचे हात लागले. 2005 साली युनेस्कोने या कामाला पुरस्कार दिला आणि 2008 साली संग्रहालय पुन्हा उघडले.

एवढी वर्षे का लागली, असे वाटेल. आपण पितळेची समई चिंच लावून लख्ख घासतो. जुन्या मूर्तीला तसे केले तर मळाबरोबर नक्षीही झिजते. दमट हवेत कागदाला बुरशी येते, लाकडाला वाळवी लागते. जाणकार माणूस वस्तू नवीकोरी करत नाही. तिचे झिजणे थांबवतो. काम हळू, खर्च फार आणि डोळ्यांना दिसते थोडे. म्हणूनच त्याला दात्याची गरज असते.

कोणी म्हणेल, मुलांना वह्या नाहीत आणि बाहुल्यांना पैसे कसले द्यायचे? बोलणे रास्त आहे. वह्यांच्या पैशाला हात लावू नये. मी मागते ते सभागृहाच्या नव्या पडद्यांसाठी ठेवलेल्या रकमेतून. जुने पडदे धुऊन, शिवून अजून दोन वर्षे निघतील. उल्हासनगरच्या आपल्या सिंधी शेजारणींना विचारा. फाळणीत घरदार मागे टाकून आलेल्या घरांत आजीची एक जुनी वाटीसुद्धा किती मोलाची असते, ते त्या सांगतील.

आणि एक दान बिनपैशाचे आहे. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखावर शके 982, म्हणजे इ.स. 1060 हे वर्ष आहे. तिथल्या शिल्पांना तेल, कुंकू लावू नये, मुलांना त्यांवर चढू देऊ नये. देवाची पूजा गाभाऱ्यात करावी, भिंतीवरच्या मूर्तींना डोळ्यांनीच नमस्कार करावा.

तेव्हा माझी सूचना अशी : पडद्यांची निम्मी रक्कम एखाद्या संग्रहालयाला पाठवावी आणि सोबतच्या पत्रात लिहावे, ‘फक्त दुरुस्तीसाठी. नावाची पाटी नको.’ सर्वांना पटले तर हात वर करावे. एवढे बोलून मी माझे भाषण संपवते.