घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)





मी डॉक्टर नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत यंत्रांची देखभाल करणारा माणूस आहे. पण बाप म्हणून जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवतो.

आमचा धाकटा सहा वर्षांचा असताना रोज घोरायचा. आजी कौतुकाने म्हणायची, "अगदी आजोबांवर गेलाय!" शाळेतून मात्र तक्रारी यायच्या. लक्ष नाही, सारखी चुळबूळ. मी रागवायचो, एकदा हातही उगारला.

एका रात्री मी जागा होतो. त्याचं घोरणं एकाएकी थांबलं. छाती हलत होती, पण श्वास आत जात नव्हता. काही सेकंदांनी तो दचकला, मोठा श्वास घेतला आणि कूस बदलून पुन्हा घोरू लागला.

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. मुलांमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागची अ‍ॅडेनॉइड ग्रंथी. झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की आधीच अरुंद झालेली वाट बंद होते. मोठी माणसं यामुळे दिवसा पेंगतात. मुलं बरेचदा उलट चंचल आणि चिडचिडी होतात. तिथेच आपण फसतो.

आम्हाला भीती होती तपासणीची. पण यात ना सुई, ना भूल.

पहिली पायरी प्रश्नांची. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरतो का? तोंड उघडं, मान मागे टाकून झोपतो का? घाम येतो का? बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं का? अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात तयार झालेली २२ प्रश्नांची प्रश्नावली २००० सालापासून वापरात आहे. आठ किंवा अधिक उत्तरं 'हो' आली, तर पुढची तपासणी हवी.

दुसरी पायरी मोबाइलची. झोपेतला व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात जागं मूल घोरून दाखवत नाही!

तिसरी, रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर. कोरोनात घरोघरी आलेला साधा ऑक्सिमीटर त्या क्षणाचाच आकडा दाखवतो. इथे रात्रभराचा आलेख लागतो. ऑक्सिजन वारंवार खाली गेला, तर संशय पक्का होतो. मात्र आलेख चांगला आला, तरी विकार नाहीच असं म्हणता येत नाही.

मग चौथी आणि सर्वांत खात्रीची, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी. डोक्याला चिकटवलेल्या तारा, नाकाशी बारीक नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. आई किंवा वडील शेजारीच असतात. मोठ्यांमध्ये तासाला पाचपेक्षा कमी अडथळे चालवून घेतात. मुलांमध्ये तासाला एकाहून जास्त झाले, तरी डॉक्टर लक्ष घालतात.

आमच्या मुलाचे टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढावे लागले. घोरणं थांबलं, हळूहळू चुळबूळही कमी झाली. शस्त्रक्रियेनंतरही घोरणं उरलं, तर पुन्हा तपासून घ्यावं लागतं. मी मात्र त्याला जवळ घेऊन म्हणालो, "चुकलो रे बाळा." श्वासासाठी रात्रभर झगडणाऱ्या पोराला मी दिवसा आळशी म्हणत होतो.

आज आरती-प्रसाद आटोपून घरी गेलात की, लेकरं झोपल्यावर पाच मिनिटं त्यांच्या उशाशी बसा. फक्त ऐका. एवढीच विनंती.