जकातदार आणि चौपट परतफेड



वसूलदार म्हटलें कीं रयतेच्या कपाळास आठी पडते, आणि ती उगीच पडत नाहीं. आपला धाराशिव मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सरकार महसूल गुत्त्यानें देई. गुत्तेदार ठरलेली रक्कम सरकारांत भरी आणि मग कुणब्याच्या खळ्यांतून निघेल तेवढें काढी. वरचें सारें त्याचें! १८५३ च्या तहानें नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे गेला, तो १८६० सालीं परत आला. पहिल्या सालारजंगांनीं गुत्तेदारी मोडून १८६५ सालीं जिल्हाबंदी केली व पगारी अंमलदार नेमले.

हाच रोग येशूच्या काळीं रोमन अमलांत होता. जकातीच्या नाक्यांचा मक्ता दिला जाई. मक्तेदाराचे हस्तक आपल्याच गांवभावांस लुबाडीत, म्हणून लोक जकातदारास पाप्यांच्या पंगतीस बसवीत. मग ख्रिस्ती शास्त्र त्याच्याविषयीं काय म्हणतें?

जकातदार योहानाकडे आले व आम्हीं काय करावें म्हणून विचारूं लागले. योहानानें त्यांस टिळा-माळ सांगितली नाहीं. ठरल्यापेक्षां जास्त घेऊं नका, एवढेंच सांगितलें. सारा धर्म एका पावतींत आला!

लूकाच्या शुभवर्तमानांत दुसरी गोष्ट आहे. देवळांत एक परूशी आपले उपासतापास देवापुढें मोजीत उभा राहिला. जकातदार मात्र दूर उभा राहून छाती पिटीत दया मागत होता. येशू सांगतो, निर्दोष ठरून घरीं गेला तो जकातदार. सोंवळ्याचा तोरा देवाच्या दारीं चालला नाहीं.

पण कोणी म्हणेल, छाती पिटली कीं लुबाडणूक माफ झाली काय? नाहीं. त्याचें उत्तर जक्कयानें दिलें. हा यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत पण ठेंगणा. गर्दींत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढला. येशू त्याच्या घरीं उतरला तेव्हां लोक कुरकुरले. तेव्हां जक्कय उभा राहून म्हणाला कीं, अर्धें धन गरिबांस देतों, आणि ज्यास फसविलें त्यास चौपट परत करतों. मध्यें भट नाहीं, दक्षिणा नाहीं. ज्याच्या कनवटीचा पैसा, त्याच्याच हातीं गेला.

आतां यहूदा पाहा. तो जकातदार नव्हे, बारा शिष्यांतला एक. थैली त्याच्याकडे असे व तो तींतून चोरी, असें योहानाचें शुभवर्तमान सांगतें. शेवटीं तीस रुप्यांच्या नाण्यांसाठीं त्यानें गुरु धरून दिला. उलट नाक्यावर बसणारा मत्तय शिष्य झाला. तेव्हां खलनायक जातीनें किंवा धंद्यानें ठरत नाहीं, हिशेबानें ठरतो.

बंधूंनो, गुत्तेदार गेला. आतां तलाठी, मापाडी, सोसायटीचा चिटणीस हीं आपल्याच घरचीं मुलें आहेत. थैली आपल्या हातीं आली आहे. म्हणून पावती मागा, पावती द्या. आणि कोणाचें जास्त घेतलें असेल, तर देवळाच्या दानपेटींत टाकून मोकळे होऊं नका. त्याच्या उंबरठ्यावर जाऊन तें परत करा.