औषधाआधी रोपाची मान बघा



मारेगाव तालुक्यात मृग लागला की सगळ्यांचं लक्ष पऱ्हाटीकडे असतं. त्याच दिवसांत विहिरीजवळ मिरची-वांग्याचा एखादा वाफा टाकलेला असतो. कुणी कोकोपीटचे ट्रेही भरतात. पावसाची झड लागते, ऊन पडत नाही आणि खतावर पिंजलेल्या कापसासारखी पांढरी बुरशी दिसू लागते. लगेच फवारणीचा पंप बाहेर निघतो. तो काढण्याआधी वाफ्याजवळ बसा आणि रोपाची मान, म्हणजे मातीलगतचं खोड, बघा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

खतावर दिसणारी ही बुरशी बहुतेक वेळा अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यावर जगते. जिवंत रोपाच्या वाट्याला ती सहसा जात नाही. शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळली असेल, तर तीही आधी पांढरी आणि मग हिरवी दिसते. त्यावर बुरशीनाशक ओतलं तर आपलाच राखणदार आपण मारतो. बोटानं वरचा थर मोकळा करा, एक दिवस पाणी तोडा, हवा खेळू द्या. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.

रोपं मारणाऱ्या बुरशी वेगळ्या: पिथियम आणि रायझोक्टोनिया. त्या खतावर अशा मिरवत नाहीत. मातीलगत खोड आधी पाणचट होतं, मग तपकिरी आणि दोऱ्यासारखं बारीक. शेंडा हिरवागार असतानाच रोप आडवं पडतं. ते उपटून मूळ चिमटीत ओढा. साल सुटून हातात आली आणि मधला धागा तेवढा उरला, तर रोपमर आली म्हणून समजा. पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहतात. संध्याकाळी झारीभर जास्त पाणी घातलं, की रोग शेजारच्या रोपापर्यंत आपणच पोचवतो. पाणी सकाळी द्या, आणि माती वाफशावर असेल तर देऊच नका.

आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून सपाट वाफ्याचा हट्ट सोडा. 15 सेंटिमीटर उंच गादीवाफा करा, बी ओळीत आणि विरळ पेरा. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. हातात घेतल्यावर उग्र वास आला तर ते अजून कच्चं आहे. ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकनं झाकले असतील, तर पहिले कोंब दिसताच मोकळे करा. इथे एका दिवसाची ढिलाई महागात पडते. जुने ट्रे धुऊनच वापरा.

पुढच्या वर्षीसाठी मे महिन्याचं ऊन वाया घालवू नका. ओलावलेल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे कडा मातीत दाबून अंथरा. आपल्याकडच्या उन्हात जमिनीतली बरीचशी रोगट बुरशी त्याखाली मरते, तीही फुकटात.

रोपं पडायला लागलीच, तर मेलेली रोपं मातीसकट काढून दूर टाका आणि भोवतीच्या भागात कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 3 ग्रॅम या प्रमाणात मुळाशी ओता. त्याच पाण्यात ट्रायकोडर्मा कालवू नका. तांब्यानं त्याची वाढ रोखली जाऊ शकते. मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ट्रायकोडर्मा तयार होतं. कुठूनही घ्या, पण ती जिवंत वस्तू आहे. पाकिटावरची मुदत वाचून घ्या आणि लावेपर्यंत सावलीत ठेवा.