मृत्यूच्या सावलीतील विनोद

बंगळूरच्या चामराजपेटेत कन्नड साहित्य परिषदेची वास्तू उभी आहे. संस्था १९१५ सालची. तिच्या कार्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या बी. एम. श्रीकंठय्यांनी इंग्रजी कविता कन्नडात आणून नव्या काव्याला वाट करून दिली. परभाषेतील करुण आणि उदात्त भाव आपल्या भाषेत आणता येतात, हे त्या पिढीने दाखवून दिले. परभाषेतील हसू आणणे मात्र त्याहून बिकट आहे. आणि ते हसू मृत्यूच्या दारात उभे असेल, तर अनुवादकाची खरी परीक्षा होते.

बंगळूरात या प्रश्नाला एक वेगळाच इतिहास आहे. परभाषी चित्रपटांना कन्नड संवाद जोडण्यास तेथील चित्रव्यवसायाने १९६० नंतरच्या काळात कडवा विरोध केला. २०१५ साली भारतीय स्पर्धा आयोगाने या विरोधाविरुद्ध निर्णय दिला. तोवर इंग्रजी बोलपटाचा प्रेक्षक, मग तो कानडी असो वा मराठी, पडद्यावरील वाक्य मनातल्या मनात आपल्या भाषेत वळवून घेत असे. ज्याला ते साधत नसे, त्याला प्रेतापाशी उभे राहून लोक का हसतात, याचे कोडे पडे.

या विनोदाचे मर्म सिग्मंड फ्रॉइड याने सांगितलेल्या एका उदाहरणात सापडते. एका कैद्याला सोमवारी फाशी द्यायला नेतात. तेव्हा तो म्हणतो, आठवड्याचा आरंभ तर झकास झाला! शब्दशः अनुवादाने अर्थ कळतो, पण वाक्याला धार येत नाही. त्याच कैद्याच्या तोंडी ‘आजची भवानी तर छान झाली’ असे वाक्य घातले, की सकाळी पहिले गिऱ्हाईक आलेला दुकानदार डोळ्यांसमोर उभा राहतो. नेहमीच्या व्यवहाराची भाषा आणि समोर लोंबणारा दोर, यांच्यामधील अंतरात हा विनोद वसतो. ते अंतर बुजले की विनोद मेला.

अनुवादकाची पहिली चूक येथेच होते. विनोद आहे म्हणून तो गमतीदार शब्द शोधू लागतो. फ्रँक काप्राच्या १९४४ सालच्या ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ या बोलपटात दोन प्रेमळ, देवभोळ्या म्हाताऱ्या बहिणी एकाकी वृद्धांना विष घातलेले मद्य पाजतात, तळघरात त्यांना यथाविधी पुरतात आणि या कृत्याला दानधर्म समजतात. त्यांच्या तोंडी ‘म्हातारा गचकला’ किंवा ‘खपला’ असे शब्द घातले, तर त्या दोघी केवळ दुष्ट ठरतात. ‘बिचाऱ्याला देवाज्ञा झाली. अगदी शांतपणे गेला हो!’ असे त्या म्हणाल्या, तरच ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि त्याच क्षणी हसूही फुटते. शब्द जितका सोज्ज्वळ, तितका प्रसंग भीषण.

दुसरी अडचण संबोधनाची. स्टॅन्ली क्यूब्रिकच्या १९६४ सालच्या ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष सोव्हिएत पंतप्रधानाला दूरध्वनीवरून कळवितो, की आमची अणुबाँबधारी विमाने तुमच्याकडे निघाली आहेत. जगाच्या संहाराची वार्ता, आणि सूर मात्र रुसलेल्या सोयऱ्याची समजूत घालणाऱ्याचा! इंग्रजीला एकच सर्वनाम पुरते. मराठीला ‘तू’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावी लागते. ‘आपणांस कळविण्यास खेद होतो’ असे लिहिले, की तो सरकारी खलिता होतो. ‘हे बघ दिमित्री, तू आधी शांत हो’ असे लिहिले, की चित्र जिवंत होते.

असा विनोद आपल्या परंपरेला परका आहे, असे काही रसिक म्हणतील. त्यांच्या म्हणण्याला शास्त्राधारही आहे. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त हास्याला करुण आणि भयानक हे दोन्ही रस विरोधी मानले आहेत. परंतु नाटककारांनी शास्त्राची ही कुंपणे नेहमीच पाळली नाहीत. गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या ‘मृच्छकटिका’चे मूळ संस्कृत नाटक पाहावे. त्याच्या दहाव्या अंकात चारुदत्ताला वधासाठी नेत असताना, आज मारण्याची पाळी कोणाची, यावर दोघे चांडाळ वाद घालतात. हा भीषण विनोद शूद्रकाने शतकांपूर्वी लिहून ठेवला आहे. ‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ म्हणणाऱ्या मराठी घरालाही तो नवा नाही.

असा संवाद चुकीचा उतरला, तर लेखक मृतांची टवाळी करीत आहे, असा श्रोत्यांचा समज होतो; तो सौम्य केला, तर मूळ लेखकाचा संताप लोपतो. कारण या विनोदाचा रोख बहुधा मेलेल्यावर नसतो. माणूस मारला जात असताना ज्यांच्या बोलण्यात जराही फरक पडत नाही, अशा जिवंतांवर तो असतो. अनुवादकाने हसू निर्माण करण्याची घाई करू नये. त्या निर्विकार बोलण्याचा सूर त्याने नेमका पकडावा. मग हसू आपोआप येईल, आणि ते ओसरल्यावर श्रोता क्षणभर गप्प होईल. तेवढे साधले, म्हणजे अनुवाद साधला.