सिनेमाची जाहिरात आणि आपण बायका

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षणही सातवीपर्यंतचेच. पण या वर्षी प्रत्येकीने आपल्या रोजच्या जीवनातील एका विषयावर चार शब्द बोलावेत असे ठरले, आणि माझ्या वाट्याला सिनेमाची जाहिरात हा विषय आला. काहीजणी हसल्या. त्यांना वाटले, स्वयंपाक, आरोग्य, बचत असे विषय सोडून हे काय? पण सिनेमाला जाणे म्हणजे घरातला पैसा, घरातला वेळ आणि घरच्यांची संमती, या तिन्हींचा प्रश्न असतो. तेव्हा आपल्याला तिकडे बोलावणारा कोण आणि तो कसा बोलावतो, हे समजून घेणे हाही संसाराचाच भाग आहे.

जाहिरात ही काही हल्लीची गोष्ट नव्हे. आपल्याकडे सिनेमा जन्मला तेव्हाच जाहिरात जन्मली. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईला गिरगावात कॉरोनेशन थिएटरात लागला. या उद्योगासाठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले होते, हे आपण बायकांनी विसरू नये. पुढे हाच चित्रपट सुरतेला गेला. तिथल्या लोकांना दोन आण्यांत सहा-सहा तास नाटक पाहायची सवय. तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ कोण पाहणार? पहिल्या खेळाला अवघे तीन रुपये जमले असे सांगतात. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की, सत्तावन्न हजार छायाचित्रांचा हा खेळ आहे, चित्राची लांबी दोन मैल आहे, आणि हे सारे फक्त तीन आण्यांत! लोकांची रीघ लागली.

आता यात खोटे काय होते? काहीच नाही. फिल्मची पट्टी खरोखरच लांब असते. पण दोन मैल लांब म्हणजे चांगला, असे थोडेच आहे? साडी किती वार आहे ते दुकानदाराने खरे सांगितले, तरी तिचा रंग टिकेल की नाही ते त्यात आले नाही. जाहिरातीचे मर्म मला इथे कळले. ती बहुधा खोटे बोलत नाही, पण आपल्या सोयीचे तेवढेच बोलते.

पुढे कोल्हापूरला बाबूराव पेंटर झाले. 'सैरंध्री' (१९२०) हा त्यांचा चित्रपट. ते स्वतः उत्तम चित्रकार असल्यामुळे नुसती अक्षरे न छापता त्यांनी चित्रे रंगवून जाहिराती केल्या. त्यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे पोस्टर हे आपल्या देशात आजवर टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या चित्रमय पोस्टरांपैकी मानले जाते. आपल्या जवळच्या पंढरपुरात जन्मलेले मोठे चित्रकार मकबूल फिदा हुसेन हेसुद्धा तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवूनच पोट भरीत असत. तेव्हा पोस्टर रंगवणे ही हलकी कला नव्हती. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रस्त्याने जाता जाता कळले पाहिजे की राजा कोण, दुष्ट कोण आणि रडावयाचे कोणासाठी, इतके काम ते एका कागदात करावयाचे.

आमच्या लहानपणी खेडोपाडी जत्रेला तंबूतला सिनेमा येत असे. दिवसभर एक गाडी कर्णा लावून गावातून फिरायची. मागे पोरे धावायची, आणि आतला माणूस रंगीत कागद उधळायचा. कर्ण्यावरून 'माताभगिनींसाठी बसण्याची स्वतंत्र सोय' हे वाक्य हटकून यायचे. ते वाक्य आपल्यासाठी नसून आपल्या घरच्या पुरुषांसाठी होते, हे मला मोठेपणी उमगले. बाईला पाठवायचे की नाही ते तेच ठरवीत. जाहिरात करणाराला घराची किल्ली कोणाच्या हाती आहे हे पक्के ठाऊक असते.

पुढे १९९१ साली 'माहेरची साडी' आला. विजय कोंडके यांनी तो काढला आणि अलका कुबल त्यात होत्या. मी तेव्हा लहान होते, पण घराघरांतून बायका निघाल्याचे मला चांगले आठवते. विचार केला तर त्या चित्रपटाचे नाव हीच त्याची सर्वांत मोठी जाहिरात होती. माहेर आणि साडी हे दोन शब्द एकत्र आल्यावर आपल्या मनात जे काही हलते, त्यासाठी वेगळे चित्र रंगवावे लागत नाही.

आता काळ बदलला. कर्णा गेला आणि मोबाइल आला. आधी नुसते नाव व तारीख सांगणारे पोस्टर येते. मग अर्ध्या-एक मिनिटाचा टीझर येतो, मग एकेक गाणे, मग दोन-तीन मिनिटांचा ट्रेलर, आणि शेवटी तिकीट काढावयाची वेबसाइट. तिथे किती जणांना चित्रपट पाहावासा वाटतो त्याचा आकडा आणि चांदण्यांची रांगही असते. हे सारे पायरीपायरीने का करतात? कारण पहिल्या तीन दिवसांत गर्दी झाली नाही तर खेळ कमी होतात आणि दुसऱ्या आठवड्यात चित्रपट उतरतो. म्हणून त्यांना आपली घाई हवी असते. आपण मात्र लक्षात ठेवावे की ती घाई त्यांची आहे, आपली नव्हे.

'सैराट' आपल्याला सर्वांत जवळचा. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे उजनीच्या पाण्यापलीकडले आपले शेजारी. तो चित्रपट २९ एप्रिल २०१६ ला लागला, पण त्याआधीच अजय-अतुल यांची गाणी लग्नाच्या वरातीत पोहोचली होती. त्या गाण्यांवर नाचलेल्या कित्येकांना शेवट काय आहे याची कल्पना नव्हती. थिएटरातून बाहेर पडताना माणसे मुकी झाली होती. गाण्यांनी आनंदाने बोलावले आणि चित्रपटाने काळजाला हात घातला. इथे जाहिरातीने जे झाकले, ते झाकले म्हणूनच तो शेवट इतका लागला, हेही कबूल केले पाहिजे.

आणि 'बाईपण भारी देवा'! केदार शिंदे यांचा हा चित्रपट ३० जून २०२३ ला आला. सहा बहिणी आणि त्यांची मंगळागौर. बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून घोळक्याने गेल्या आणि फोटो काढून सगळीकडे पाठवले. आपल्यातल्याही काहीजणी गाडी करून बारामतीला गेल्या होत्या. तो दिवस चांगलाच गेला, त्याबद्दल तक्रार नाही. पण जरा विचार करा, त्या चित्रपटाची सर्वांत मोठी जाहिरात कोणी केली? आपणच केली. फाळक्यांनी कागद छापले, पेंटरांनी रंग लावले, आणि आता आपणच फोटो आणि निरोप होऊन घरोघर जातो.

जाहिरात म्हणजे वाईटच, असे माझे म्हणणे मुळीच नाही. 'श्वास' हा संदीप सावंत यांचा चित्रपट आठवा. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी २००४ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीला मिळाला तो त्याच्यामुळे. त्याच वर्षी तो ऑस्करच्या स्पर्धेसाठी पाठवला गेला, तेव्हा तिकडे जाऊन लोकांना दाखवायला आणि त्याचा बोलबाला करायला निर्मात्यांजवळ पैसा नव्हता. लोकांनी वर्गण्या गोळा केल्या. चांगल्या मालालाही आपण आहोत हे सांगावे लागते, आणि सांगायला पैसा लागतो. उलट १९५९ साली 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद थिएटरात लागला आणि १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे काही नुसत्या पोस्टरावर चालत नाही. पाहून आलेल्याने न पाहिलेल्याला सांगितले, म्हणून तो चालला.

आता ट्रेलरमध्ये दाखवले ते चित्रपटात असलेच पाहिजे का? हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेने थेट न्यायालयात नेला. त्या वेळच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या त्या बाई. २०१६ साली शाहरुख खान यांचा 'फॅन' हा चित्रपट आला. ट्रेलरमध्ये एक गाणे होते. ते पाहून त्या घरच्यांना घेऊन गेल्या, तर चित्रपटात ते गाणेच नव्हते! त्यांनी ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. त्या राज्य आयोगाकडे गेल्या. आयोगाने १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च देण्याचा हुकूम केला. २०२० साली राष्ट्रीय आयोगानेही तो कायम केला. पण यशराज फिल्म्स ही निर्माती कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि एप्रिल २०२४ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्यायालय म्हणाले की ट्रेलर हे वचन नाही आणि तो करारही होत नाही. त्यातले गाणे चित्रपटात नसले एवढ्यावरून फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही.

मला त्या बाईंचे कौतुक वाटते. एका गाण्यासाठी कोर्टाची पायरी चढली म्हणून लोक हसले असतील, पण देशातल्या सर्व ग्राहकांसाठी एक गोष्ट त्यांच्यामुळे स्पष्ट झाली. ट्रेलर वचन देत नाही. मग आपल्याला वचन देते कोण?

याचे उत्तर मला आमच्या आळीतल्या एका वहिनींकडून मिळाले. घरातून बाहेर पडायला त्यांना फार प्रयास. एका चित्रपटाचा ट्रेलर त्यांनी पाहिला, सगळी हसण्याची दृश्ये. शेजारणीही म्हणाल्या, 'जा हो, घरच्यांना घेऊन जा, छान आहे.' त्या शेजारणींपैकी एकीनेही तो पाहिला नव्हता. सगळ्यांनी ट्रेलरच पाहिला होता! वहिनींनी सासूसासऱ्यांना राजी केले आणि मुलांना घेतले. मध्यंतरापर्यंत ठीक होते. पुढे मारहाण आणि रक्तपात सुरू झाला. धाकटा रडू लागला, सासरे उठून बाहेर गेले. घरी आल्यावर कोणी निर्मात्याला बोलले नाही, नटाला बोलले नाही. बोलणी खाल्ली ती वहिनींनी. पुढे कितीतरी महिने 'कुठे जायचे' हा शब्द त्यांनी घरात काढला नाही. तिकिटाचे पैसे तर गेलेच, पण मोठ्या कष्टाने मिळवलेला घरच्यांचा विश्वास गेला. तो कुठल्या आयोगाकडे मागावयाचा?

म्हणून भगिनींनो, माझे सांगणे एवढेच. पोस्टर बोलावते, पण भरवसा आपला शब्द देतो. तो जपून द्यावा.

त्यासाठी काही साध्या गोष्टी करता येतील. पहिली, मुलांना नेण्यापूर्वी चित्रपटाचा वर्ग पाहावा. तो जाहिरातीवर दिलेला असतो. 'यू' म्हणजे सर्वांसाठी आणि 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. मधला 'यूए' म्हणजे आईवडिलांनी विचार करून न्यावे असा, आणि २०२४ च्या नियमांपासून त्यात ७, १३ आणि १६ वर्षे असे वयाचे टप्पे केले आहेत. एवढा अंक वाचायला सातवीसुद्धा लागत नाही.

दुसरी, मोबाइलवर कोणी चित्रपटाची फार स्तुती केली तर ती फुकट आहे की पैसे घेऊन, ते पाहावे. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन स्तुती करणाराने तसे उघड सांगितले पाहिजे, असे केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शन केले आहे. सांगितले नसेल तर आपण विचारावे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची. चित्रपट स्वतः पाहिला असेल तर 'मी पाहिला' म्हणावे आणि नुसता ट्रेलर पाहिला असेल तर 'ट्रेलर पाहिला' म्हणावे. एवढ्या एका शब्दाच्या फरकाने एखाद्या बहिणीचा घरातला मान वाचेल. आणि चांगला चित्रपट पोस्टराच्या पैशावाचून मागे पडत असेल, तर तो पाहून आल्यावर दहाजणींना आवर्जून सांगावे. तीही आपलीच जबाबदारी आहे.

माझी मंडळाला एक सूचना आहे. दर महिन्याच्या सभेत हळदीकुंकू झाल्यावर पाच मिनिटे ठेवावीत, आणि ज्यांनी महिन्याभरात एखादा चित्रपट पाहिला असेल त्यांनी उभे राहून सांगावे की कथा कशाविषयी आहे, मुलांना चालेल का, सासूबाईंना नेता येईल का, आणि घातलेले पैसे वसूल झाले का. मंडळाने एक वही घालावी आणि त्यात ते लिहून ठेवावे. वहीची शंभर पाने आपल्याला स्वस्तात मिळतील, आणि बोलायला तर आपण कधी कमी पडलो नाही!

वहीचे पहिले पान कोण भरणार, ते चहाच्या वेळी ठरवू.