सील आणि सिला
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपली नातवंडं इंग्रजी शाळेत जातात, म्हणून आम्ही पंचसील रोमन अक्षरांत छापायला नगरच्या एका छापखान्यात दिलं. छापून आलं तर आयवरची आडवी रेघ गायब! पालीत सील म्हणजे सदाचार आणि सिला म्हणजे दगड. रेघा गेल्या की रोमनमध्ये दोन्हींचं स्पेलिंग एकच. मग पोरांनी पाच सीलं घ्यायची की पाच दगड?

कंपोझ करणाऱ्या पोराला बोल लावून उपयोग नव्हता. जुन्या फॉन्टमध्ये खोल्याच २५६. ‘पञ्च’मधल्या ञ साठी लागणारा लाटवाला एन तिथे होता, कारण तो स्पॅनिशला लागतो. पालीची रेघवाली, टिंबवाली अक्षरं कोणाच्या गणतीत? मग फॉन्टवाले दुसऱ्या चिन्हाला खोलीबाहेर काढून आपलं अक्षर बसवीत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की जुना भाडेकरू पुन्हा हजर! आपल्या मराठी फॉन्टचेही हेच हाल झाले.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. त्यात आज रेघवाल्या आयचा नंबर २९९, खाली टिंब असलेल्या एमचा ७७४७. जगात कुठंही जा, नंबर तोच. वर्डमध्ये एसपुढे ०१२बी टाइप करा, ऑल्ट धरून एक्स दाबा, रेघवाला आय तयार. टिंबवाल्या एमला १ई४३. बऱ्याच मोबाईलवर आयचं बटण नुसतं दाबून धरलं तरी मिळतो.

बाबासाहेबांनी रचलेला पाली शब्दकोश शासनाने १९९८ साली सोळाव्या खंडात छापला. एवढे कष्ट त्यांनी घेतले, आणि आम्ही रेघ सोडायची?

पुस्तिका पुन्हा छापायची आहे. प्रूफ आलं की आधी आमच्याकडे द्या.